चला, हेफिल्डच्या वाटेने

नागपूरच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. मुलगा मँचेस्टरला नोकरीला, सून तिथल्या रुग्णालयात परिचारिका, नातू पाच वर्षांचा. उन्हाळ्यात दोघे नवराबायको तीन महिन्यांसाठी तिकडे जाणार आहेत. त्या लिहितात, "ताई, मुलगा आणि सून आठवडाभर कामावर. शनिवार-रविवार तेवढा आमचा. दुकाने पाहून किती पाहणार? आणि तिथले प्रत्येक तिकीट आपल्या पैशात मोजले की छाती दडपते. नातवाला घेऊन पायी फिरता येईल असे एखादे खेडे सांगा. आणि हेही सांगा, कुणाच्या रानातून आपण चालू लागलो तर कोणी हटकणार नाही ना?"

सप्रेम जयभीम, ताई. तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. म्हणून मुद्दाम असे गाव निवडले आहे, जिथे फिरता फिरता त्याचे उत्तरही सापडेल. त्या गावाचे नाव हेफिल्ड.

मँचेस्टरपासून पंचवीसेक किलोमीटरवर, डर्बीशायरमध्ये, किंडर स्काउट नावाच्या डोंगराच्या पश्चिम पायथ्याशी हे गाव वसले आहे. कॅलेंडरवरच्या चित्रासारखे गोड गोड खेडे मनात धरून जाल तर थोडे वेगळे वाटेल. काळपट दगडाची एकाला एक लागलेली घरे, अरुंद रस्ते, गावाच्या मधून वाहणारी सेट नावाची छोटी नदी, सेंट मॅथ्यूचे चर्च, क्रिकेटचे मैदान, चहाची दुकाने, दोनचार पब. दगड मुळात इतका काळा नसतो. त्यावर गिरण्यांच्या काळातला धूर बसलेला आहे. होय, हे गिरण्यांचे गाव. इथे सूत निघत होते, कापडावर छपाई होत होती, कागद होत होता. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालू होते तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला आणि या सगळ्या मुलखात उपासमार आली. त्या वर्षांत मुंबई बंदरातून कापसाच्या गाठी इकडेच रवाना होत होत्या, त्यात आपल्या वऱ्हाडचा कापूसही होता. तेव्हा ताई, तुम्ही अगदीच अनोळखी मुलखात चाललेल्या नाही.

आता चालायचे कुठे ते सांगते. सोप्यापासून सुरुवात करू.

पहिली वाट नातवाच्या आणि गुडघे दुखणाऱ्यांच्या सोयीची. मँचेस्टरच्या पिकॅडिली स्टेशनवरून न्यू मिल्स सेंट्रलची गाडी पकडावी. अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट नसते. तुमचा नातू पाच पूर्ण झाला असेल तर अर्धे तिकीट. न्यू मिल्सहून हेफिल्डपर्यंत पूर्वी रेल्वेचा फाटा होता. तो 1868 मध्ये सुरू झाला आणि 1970 मध्ये बंद पडला. रूळ उखडले, पण जागा कुणा बिल्डरच्या घशात गेली नाही. तिथे लोकांसाठी पायवाट केली. सेट व्हॅली ट्रेल तिचे नाव. चार किलोमीटर लांब, रुंद आणि जवळजवळ सपाट. आगगाडीला चढ चालत नाही, त्यामुळे आजीलाही चालतो! बाबागाडी, चाकाची खुर्ची, लहान मुलाची सायकल, सगळे त्यावरून जाते. दोन्ही बाजूंना झाडी, मधे एक तळे, त्यावर बदके. घोडेस्वारही याच वाटेने येतात. घोडा आला की मुलाला कडेला घेऊन शांत उभे राहावे, आरडाओरड करू नये, एवढेच.

घाई नसेल तर न्यू मिल्समध्येच तासभर काढावा. गावाच्या पोटात खोल घळ आहे, तिला टॉर्स म्हणतात. सेट आणि गोइट या दोन नद्या तिथे मिळतात. रेल्वेच्या उंच भिंतीला चिकटून, नदीच्या वरून जाणारा लोखंडी पूल 2000 मध्ये बांधला. त्यावरून चालताना खाली पाणी आणि समोर टॉर व्हेल मिल ही जुनी सूतगिरणी दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेली ही गिरणी 2000 सालापर्यंत चालू होती. दोनशे वर्षे! परळ-लालबागच्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांचे पाय इथे आपोआप थांबतील. जवळच 2008 मध्ये गावकऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून नदीवर वीज करण्याचे यंत्र बसवले. मोठ्या स्क्रूसारखे ते यंत्र पाण्याने फिरते. मुलाला ते दाखवाच. याच गावात गोळ्या-चॉकलेटांचा स्विझल्स नावाचा कारखाना आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा, 1940 मध्ये, तो लंडनहून इथे आला. वारा तिकडून असला तर रस्त्यावर साखरेचा वास येतो.

या रेल्वे फाट्याची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. रविवार आला की मँचेस्टरच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत राबणारी हजारो माणसे याच गाडीने हेफिल्डला उतरत. आठवडाभर धूर आणि कापसाचा फुफाटा छातीत घेतलेली माणसे. पाठीवर पिशवी, पिशवीत पाव. करमणुकीचे यापेक्षा स्वस्त साधन नव्हते. पण फिरायला जायचे तर आधी सुट्टी हवी. इंग्लंडात 1850 च्या कायद्याने गिरणीतल्या बायकांचे आणि किशोरवयीन मुलामुलींचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढा दिला तेव्हा कुठे 1890 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. म्हणजे रविवारी डबा बांधून मुलांना घेऊन निघणे हीसुद्धा कुणीतरी झगडून मिळवून दिलेली गोष्ट आहे. आता त्या हजारोंना सुट्टी मिळाली, गाडी मिळाली. गावात उतरल्यावर मात्र काय झाले, ते दुसऱ्या वाटेवर कळते.

ही दुसरी वाट हेफिल्डहून निघते. गावातून किंडर रोडने नदीच्या काठाकाठाने वर जायचे. दीडेक किलोमीटरवर बाउडेन ब्रिज नावाचा लहानसा दगडी पूल लागतो. पुलाजवळ जुनी दगडाची खाण आहे, आज तिथे मोटारी उभ्या करतात. खाणीच्या कातळावर एक धातूची पाटी बसवलेली दिसेल. 1982 मध्ये, पन्नास वर्षे पूर्ण झाली तेव्हा ती लावली. मुलाला उचलून घ्या आणि पाटीवरची तारीख वाचून दाखवा. 24 एप्रिल 1932.

किंडरचा माथा तेव्हा सर्वसामान्य माणसाला बंद होता. तिथे ग्राउझ नावाचा तितराच्या जातीचा पक्षी असतो. दरवर्षी 12 ऑगस्टपासून त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. जमीनदार आणि त्यांचे पाहुणे वर्षातले थोडे दिवस बंदुका घेऊन येत, आणि त्या थोड्या दिवसांच्या शौकासाठी वर्षभर सगळा माळ बंद. राखणदार काठ्या घेऊन उभे. जागोजागी पाट्या, की आत पाऊल टाकाल तर खटला भरू. गंमत अशी की तिथल्या कायद्यात नुसते कुणाच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा फौजदारी गुन्हाच नव्हता. त्यामुळे फिरणारे लोक त्या पाट्यांना थट्टेने लाकडी थापाडे म्हणत. पण थापाड्याच्या मागे काठी उभी असली की गरीब माणूस थापही खरी मानतो. हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्या रविवारी या खाणीत सुमारे चारशे माणसे जमली. बहुतेक तरुण, मँचेस्टर आणि आसपासच्या कामगार वस्त्यांतले, कित्येक बेकार. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा कातळावर चढून बोलला. तो मोटार गॅरेजमध्ये काम केलेला कामगार, ज्यू घरातला. स्टेशनवर पोलीस अडवतील म्हणून तो मँचेस्टरहून सायकल मारत आला होता. भाषण झाले आणि सगळे डोंगराकडे निघाले. वर राखणदारांशी झटापट झाली, एका राखणदाराला दुखापत झाली. पलीकडच्या बाजूने, शेफिल्डहून आलेली दुसरी तुकडी वर भेटली. मंडळी गाणी गात खाली उतरली, तेव्हा गावात पोलीस वाट पाहत होते.

सहा जणांना धरले. जुलैमध्ये डर्बीच्या न्यायालयात खटला उभा राहिला. दुसऱ्याच्या जमिनीवर गेले हा गुन्हा नाही, म्हणून दंगलीचे कलम लावले. ज्युरीत मोठे लष्करी अधिकारी आणि जमीनजुमला असलेले गृहस्थ. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रॉथमनला चार महिने. डोंगरावर चालायला गेले म्हणून! ज्यांना हे आंदोलन आवडले नव्हते, आणि फिरणाऱ्यांच्या जुन्या संघटनांतही असे बरेच होते, त्यांनासुद्धा या शिक्षा झोंबल्या. त्याच उन्हाळ्यात जवळच्या विनॅट्स खिंडीत हजारोंची सभा भरली.

चवदार तळ्याच्या पाण्याला आपल्या लोकांनी हात लावला तो 1927 मध्ये, म्हणजे याच्या पाच वर्षे आधी. दोन्ही लढ्यांची बरोबरी करता येत नाही. मँचेस्टरच्या कामगाराला माणूस नाही असे कुणी म्हटले नव्हते, त्याच्या स्पर्शाने डोंगर बाटत नव्हता. पण पाणी असो की वाट, ती सगळ्यांची आहे हे हक्काने जाऊनच दाखवावे लागते, एवढे या पाटीसमोर उभे राहिल्यावर आपल्या माणसाच्या लगेच ध्यानात येते.

पाटीपुढे वाट किंडर जलाशयाकडे जाते. स्टॉकपोर्ट शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी तो बांधलेला आहे. फाटकापासून वर एक दगड बसवलेला उभा चढ आहे, तेवढाच काय तो दम काढणारा. एकदा वर आले की डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना उघडे रान, खाली पाणी आणि समोर किंडरची काळी कडा. जलाशयाच्या वरून जाणारी वाट विल्यम क्लफ नावाच्या ओढ्याच्या तोंडाशी पोचते. तिथे बसून डबा खावा आणि मागे फिरावे. जाऊन येऊन सात किलोमीटरच्या आसपास. लहान मुलासह, थांबत थांबत, चार तास धरा. पश्चिमेचा वारा जोरात असला तर डोंगरावरून पडणारा धबधबा खाली येण्याऐवजी वर उडताना दिसतो. लांबून धूर निघाल्यासारखा वाटतो. आपल्याकडे सह्याद्रीत पावसाळ्यात असे उलटे धबधबे ज्यांनी पाहिले, त्यांना ओळख पटेल.

याच ओढ्याकडे स्नेक पाथ नावाची वाट येते. नाव ऐकून घाबरू नका, सापाशी तिचा संबंध नाही. पलीकडच्या दरीत स्नेक इन नावाची खाणावळ होती, तिच्यावरून हे नाव पडले. खाणावळीला ते मिळाले डेव्हनशायरच्या ड्यूकच्या घराण्याच्या चिन्हावरून, ज्यात साप आहे. ही वाटही जमीनदारांनी बंद केली होती. पायवाटा वाचवणाऱ्या मंडळींनी पाठपुरावा करून 1897 मध्ये ती खुली करून घेतली. त्या मंडळींचा मार्ग अर्ज-विनंत्यांचा आणि कोर्टकचेरीचा, रॉथमनचा मार्ग वेगळा. वाट आज दोघांचीही आहे. आणि तो ड्यूक? किंडरचा मोठा भाग त्याच घराण्याचा होता. 2002 मध्ये, सत्तराव्या वर्षी, तेव्हाच्या ड्यूकने याच हेफिल्डमध्ये येऊन आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. रॉथमन मात्र ती ऐकायला नव्हता. तो त्याच वर्षी जानेवारीत वारला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी.

आता ताईंचा प्रश्न. कोणी हटकणार नाही ना?

इंग्लंडात शेत एकाचे आणि त्यातून जाणारी वाट सगळ्यांची, असे असते. शेत मालकाचेच राहते, पण वाटेवरून चालण्याचा हक्क कुणालाही असतो. अशा वाटा इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. 1949 च्या कायद्याने प्रत्येक भागातल्या कौन्सिलला या वाटांचा नकाशा करावा लागला. एकदा वाट त्या नकाशावर चढली की ती हक्काची, तिला पुरावा लागत नाही. आणि वीस वर्षे लोक कुणाला न विचारता, कुणी न अडवता एखाद्या वाटेने चालत राहिले तर ती वाट लोकांची धरली जाते. हा नियम 1932 च्याच एका कायद्यातला. मालकाला तो चुकवायचा तर त्याने वेळीच तसे जाहीर करावे लागते. मालकाने वाटेत पीक लावून ती बुजवायची नाही, नांगरली तर पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. लोकांना घाबरवण्यासाठी अशा वाटेवर खोटी पाटी लावणे हा गुन्हा. म्हणजे लाकडी थापाड्यांना 1949 मध्येच चाप बसला.

वाट ओळखायची कशी? रस्त्याच्या तोंडाशी खांबावर पब्लिक फुटपाथ असे लिहिलेले असते, आणि पुढे फाटकांवर, खांबांवर बाण. पिवळा बाण म्हणजे पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण म्हणजे घोडा आणि सायकललाही परवानगी. बाणाशेजारी खासगी असे लिहिलेले दिसले तर गोंधळून परत फिरू नये. जमीन खासगी आहे, वाट नाही. उघड्या डोंगरमाथ्यावर तर 2000 च्या कायद्याने वाट सोडूनही फिरता येते, आणि तो हक्क या भागात 2004 पासून लागू झाला. पण अशी मोकळी जमीन सगळ्या इंग्लंडात शेकडा आठच्या आसपासच आहे. खाली शेताकुरणात वाटेवरच राहावे. मालकाने वाटेवर राहा असे सांगितले तर राग मानू नये, तो बरोबरच सांगतो.

हा झाला कायदा. लोकांच्या नजरेचे काय? खरे सांगायचे तर हेफिल्डच्या वाटेवर साडी नेसलेली बाई रोज दिसत नाही. कुणी जरा जास्त पाहील. पण बहुतेक जण समोरून येताना हॅलो म्हणतात, हवेबद्दल दोन शब्द बोलतात. आपणही बोलावे. इंग्लंडातल्या राष्ट्रीय उद्यानांत गोऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या लोकांचाच वावर जास्त आहे, आणि बाकीच्यांना ती आपली जागा वाटत नाही, असे तिथल्या सरकारने नेमलेल्या समितीनेच 2019 मध्ये लिहिले. शेफिल्डच्या कृष्णवर्णीय पुरुषांनी 2004 पासून गट करून या डोंगरात चालायला सुरुवात केली. 2022 मध्ये, लढ्याला नव्वद वर्षे झाली तेव्हा, काळीसावळी माणसे मुद्दाम जमून किंडरवर गेली. तेव्हा तुम्ही पहिल्या नाही आणि एकट्याही नाही. नाव काय, आडनाव काय, कुठल्या वस्तीतले, हे विचारण्याचा अधिकार त्या वाटेवर कुणालाही नाही.

माझी भाची स्टॉकपोर्टला राहते. तिच्याकडे होते तेव्हा मी या वाटा चालले, म्हणून बायकांच्या सोयीच्या चार गोष्टी लिहिते. शेतांच्या मधे दगडाचे गडगे आहेत, अगदी आपल्या कोकणातल्यासारखे, चुन्यामातीशिवाय रचलेले. त्यांतून पलीकडे जायला कुठे भिंतीतून बाहेर आलेले दगड पायऱ्यांसारखे असतात, कुठे लाकडी पायरी, कुठे एकावेळी एकच माणूस जाईल असे झुलते फाटक. नऊवारी नेसणाऱ्या आजींना त्याचे काही वाटणार नाही, ज्या बाईने गुडघाभर चिखलात भात लावला तिला काय सांगायचे. पण पाचवारी साडीचा घोळ त्या पायरीत अडकतो. सलवार-कमीज किंवा मुलाची जुनी पँट बरी. चपला तर नकोच. घोट्यापर्यंतचे, तळ घसरणार नाही असे बूट हवेत. ऐन उन्हाळ्यातही पाऊस येतो, तेव्हा पावसाळी कोट पिशवीत असावा. छत्रीचा उपयोग नाही, वारा ती पहिल्याच चढावर उलटी करतो.

डब्यात चपाती, बटाट्याची कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी. थर्मासमध्ये चहा. वाटेच्या कडेला बसून खाल्ले तर कुणी काही म्हणत नाही. मात्र कागद, पिशवी, केळ्याचे साल, सगळे परत घरी न्यायचे, वर कचऱ्याचे डबे नसतात. नैसर्गिक विधी गावातच उरकून निघावे. फाटक उघडे असेल तर उघडे ठेवावे, बंद असेल तर आपल्यामागे बंद करावे, त्यावर कुणाची तरी गुरे अवलंबून असतात. मेंढ्या माणसाला पाहून पळतात. गाय वासरासह असेल तर मात्र लांबून वळसा घालावा, मुलाला तिच्याजवळ नेऊ नये. नेटल नावाचे झुडूप वाटेच्या कडेला सर्रास असते. पान लागले की मधमाशी चावल्यासारखी आग होते, तेव्हा मुलाला हाफ पँट घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये माळावर बिलबेरीची बारीक निळसर फळे पिकतात. ओळखणारे माणूस बरोबर असेल तरच खावीत. जीभ जांभळी होते आणि पोरे खूश होतात. ऑगस्टमध्ये हीदरला फुले येतात, तेव्हा तोच काळा डोंगर जांभळा होतो.

किंडरच्या माथ्यावर, 636 मीटर उंचीवर, पाच वर्षांच्या मुलाला घेऊन जाण्याचा हट्ट करू नये. वर काळ्या भुसभुशीत पीटचे पठार आहे, त्यात पाय रुततो. धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही. तिथे वाट चुकलेल्यांना शोधून आणणारे पथक हेफिल्डमध्येच आहे. ती माणसे पगार न घेता रात्री-अपरात्री डोंगरावर जातात. प्रसंग आलाच तर 999 वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू असे सांगायचे. मुलगा आणि सून धडधाकट आहेत, त्यांनी एखाद्या स्वच्छ दिवशी नकाशा घेऊन जरूर जावे. ऑर्डनन्स सर्व्हेचा डार्क पीक हा नकाशा तिथे दुकानात मिळतो. त्यावर हक्काच्या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात.

तुम्हा आजीआजोबांना उंचावर जायची हौस असेल तर तिसरी वाट आहे, लँटर्न पाइकची. गावाच्या वायव्येला 373 मीटरची ही टेकडी. जाऊन येऊन सहा किलोमीटर, चढ आहे पण जिवावरचा नाही. शेवटचा टप्पा मेंढ्या चरतात त्या उघड्या उतारावरून जातो. वाटा खुल्या व्हाव्यात म्हणून झटलेल्या एडविन रॉइस यांच्या स्मरणार्थ फिरणाऱ्या लोकांनी वर्गणी काढली आणि 1950 मध्ये ही टेकडी नॅशनल ट्रस्टच्या हवाली झाली. नॅशनल ट्रस्ट ही तिथली अशा जागा जतन करणारी संस्था. पुतळ्याऐवजी टेकडी! मला ही कल्पना फार आवडली.

माथ्यावर एक दगडी चौथरा आहे आणि त्यावर चकती. कुठल्या दिशेला कोणता डोंगर, ते त्यावर कोरलेले आहे. नातू नुकताच अक्षरे जुळवायला शिकला असेल, त्याला एकेक नाव वाचायला लावा आणि बोटाच्या दिशेने डोंगर शोधू द्या. किंडर समोरच दिसतो. हवा स्वच्छ असली तर दुसऱ्या अंगाला खाली मँचेस्टरची सपाटी दिसते. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधाराची धास्ती नाही. उतरताना मात्र घड्याळ पाहत राहा. हेफिल्डहून स्टॉकपोर्टला थेट बस आहे, पण रविवारी बस कमी असतात. शेवटची किती वाजता सुटते ते सकाळी उतरल्याउतरल्याच थांब्यावरच्या वेळापत्रकात पाहून ठेवा.